वाक्प्रचार: त्यांचा इतिहास आणि त्यांचा अभ्यास

कोणा परप्रांतीय गृहस्थानें मराठी शिकावयास घेतली, व्याकरण संपविलें, कोश उशाशीं ठेविला, आणि पुरेशी तयारी झाली असें समजून तो बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील चकलांबा या गांवीं एखाद्या ओसरीवर जाऊन बसला, अशी कल्पना करावी. घरची बाई देवापुढें दिवा लावून मुलाला सांगते, "नारळ वाढव." नारळ लहानाचा मोठा कसा करावयाचा, या विचारांत पाहुणा पडतो, तोंच मुलगा नारळ दगडावर आपटून त्याचीं दोन शकलें करितो. पुढें गोष्ट निघते कीं, एका मुकादमानें आपल्या गड्याला नारळ दिला. गड्याचा कांहीं सत्कार झाला असावा, असें पाहुण्यास वाटतें. वस्तुतः गड्याला कामावरून काढून टाकलेलें असतें. शेवटीं शेजारचे म्हातारबाबा उठतात, "बरं, येतों," असें म्हणतात, आणि चालते होतात. येतों म्हणणारा मनुष्य जातो, वाढविलेला नारळ फुटतो, आणि नारळ मिळालेल्या माणसाची भाकरी जाते! पाहुण्याचा कोश उशाशीं असून निरुपयोगी ठरतो.

या तिन्ही वाक्यांत एकहि कठीण शब्द नाहीं. नारळ, वाढविणें, देणें, येणें हे शब्द मराठी मूल बोलूं लागल्यापासून वर्ष-दोन वर्षांत शिकतें. अडचण शब्दांची नसून शब्दांच्या संगतीची आहे. ज्या शब्दसमूहाचा रूढ अर्थ त्यांतील एकेका शब्दाच्या अर्थाची बेरीज करून निघत नाहीं, त्याला वाक्प्रचार अथवा वाक्संप्रदाय असें म्हणतात. म्हण आणि वाक्प्रचार हीं भावंडें असलीं, तरी एक नव्हेत. म्हण स्वयंपूर्ण असते. ती अनुभवाचा निष्कर्ष सांगून मोकळी होते. वाक्प्रचार हा वाक्याचा केवळ एक अवयव आहे. त्याला कर्ता, काळ आणि प्रसंग बोलणाऱ्यानें पुरवावा लागतो. म्हणून म्हण पाठ करून चालते. वाक्प्रचार वापरून पाहिल्यावांचून येत नाहीं.

वरील उदाहरणांतील नारळाची आणि निरोपाची भाषा भित्रेपणाची नाहीं, मर्यादेची आहे. फुटणें, तुटणें, विझणें, जाणें हे शब्द शुभ वस्तूंच्या व आपल्या माणसांच्या संबंधांत उच्चारावयाचे नाहींत, असा मराठी घराचा जुना दंडक आहे. दिवा विझवीत नाहींत, मालवितात. बांगडी पिचली, तर ती वाढली असें म्हणतात; मंगळसूत्राचा दोरा तुटला, तरी तें वाढलें असेंच म्हणतात. उंबरठ्यावरून निघणारा मनुष्य परत येण्याचें वचन देऊन निघतो. परक्यानें ही रीत जाणली, म्हणजे त्याला केवळ चार शब्दप्रयोग कळत नाहींत. त्या घरांत कशाचें भय बाळगतात आणि कशाचा मान ठेवितात, हेंहि कळतें. वाक्प्रचारांच्या अभ्यासाचें खरें फळ हेंच आहे.

ही गोष्ट केवळ मराठीची नव्हे. दक्षिण चीनमधील कँटन शहर आणि हाँगकाँग या भागांत बोलल्या जाणाऱ्या कँटनी भाषेंत नोकराला काढून टाकण्यास 'माकूळ परतणें' असें म्हणतात. माकूळ हा समुद्रांतील मऊ अंगाचा प्राणी. त्याचा तुकडा तापलेल्या कढईंत टाकला कीं वळकटीसारखा गुंडाळला जातो. पूर्वीं तेथील कामगार धन्याच्याच जागेंत राहात व आपलें अंथरूण बरोबर आणीत. काम सुटलें म्हणजे त्याची वळकटी करून निघावें लागे. त्या वळकटीचें चित्र कढईंतल्या माकुळांत दिसलें आणि वाक्प्रचार जन्मास आला. मराठींत हेंच चित्र 'गाशा गुंडाळणें' या प्रयोगांत आहे. गाशा हा मूळचा फारसींतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ घोड्याच्या खोगिरावरील वस्त्र असा आहे. चिनी कामगाराची वळकटी आणि मराठी स्वाराचा गाशा यांमध्यें हजारों कोसांचें अंतर. परंतु मुक्काम हलविण्याची वेळ दोघांवरहि सारखीच आली.

मात्र सगळींच चित्रें अशीं जुळत नाहींत. खुशामत करण्यास कँटनी मनुष्य 'जोडे पुसणें' म्हणतो. मराठी मनुष्य खुशामत करून दुसऱ्याला 'हरभऱ्याच्या झाडावर चढवितो'. एकांत खुशामत करणाराचा हलकेपणा दिसतो, दुसऱ्यांत खुशामतीला भुलणाराचा मूर्खपणा; कारण हरभऱ्याचें झाड गुडघ्याएवढें, त्यावर चढून कोणी किती उंच जाणार? रिकाम्या गप्पांना कँटनी 'पाणी फुंकणें' म्हणतात, मराठी लोक 'चकाट्या पिटतात'. तेव्हां एका भाषेंतला वाक्प्रचार दुसरींत शब्दशः नेऊं पाहणें व्यर्थ होय. प्रसंग ओळखावा, आणि त्या प्रसंगीं त्या भाषेंतले लोक काय म्हणतात तें ऐकावें, हाच राजमार्ग.

आतां मराठी वाक्प्रचारांची परंपरा पाहावी. चकलांबा ज्या मुलखांत आहे, तो गोदावरीच्या दक्षिणेकडचा भाग. वरच्या अंगास नदीकांठीं पैठण. याच जिल्ह्यांत अंबाजोगाई, जेथें आद्यकवि मुकुंदराजाची समाधि दाखवितात. त्याच्या 'विवेकसिंधू'चा काळ परंपरेनें शके १११० म्हणजे इ. स. ११८८ असा सांगितला जातो. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामी याच गोदातीरीं वावरले, आणि त्यांच्या आठवणी म्हाइंभटानें गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. त्या ग्रंथांतील मराठी सभेची नाहीं, ओसरीची आहे. माणसें एकमेकांशीं बोलतात, रुसतात, थट्टा करितात, तीच भाषा तेथें उतरली आहे. पंथांतील केशवदेव या विद्वानानें संस्कृतांत लिहिण्याचा विचार केला, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्याला आवरिलें. संस्कृतांत लिहिल्यास पंथांतील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची चिंता होती. सातशें वर्षांपूर्वींची ही चिंता वाक्प्रचारांच्या अभ्यासकानें विसरतां कामा नये. बोलीचें धन पंडितांच्या पेटींत नव्हतें, म्हाताऱ्यांच्या तोंडीं होतें. आणि तें त्यांच्याच तोंडून नातवंडांना मिळत आलें.

हें धन कोठकोठून जमा झालें याचा शोध घेतला, तर समाजाचा सगळा दिनक्रम डोळ्यांपुढें उभा राहतो. देवघरांतून आणि धर्मकृत्यांतून 'पाणी सोडणें' आलें. दान देतांना वस्तूवरील हक्क सोडल्याची खूण म्हणून उदक सोडीत, त्यावरून आशा सोडून देण्यास हा प्रयोग रूढ झाला. लग्नाच्या आमंत्रणास तांदुळाच्या अक्षता देतात. त्यांच्या ऐवजीं वाटाणे लाविले तर ते चिकटत नाहींत, घरंगळून जातात. म्हणून आशा लावून नकार देणें म्हणजे 'वाटाण्याच्या अक्षता लावणें'. दरबारांतून 'विडा उचलणें' आलें. अवघड कामगिरी पत्करणारा वीर भरसभेंत ठेविलेला विडा उचलीत असे. खेळांतून 'खो घालणें' आणि बुद्धिबळांतून 'मात करणें' आलें. सोंगट्यांच्या पटावरील पौबारा या दानावरून 'पोबारा करणें' निघालें. दान पडतांच सोंगटी निसटते, तसा मनुष्य निसटला. तेलाच्या घाण्याभोंवतीं डोळ्यांस झांपड बांधून फिरणारा बैल, चुलीवरची शिळी कढी, आंब्याच्या झाडाला येणारा मोहोर, असें कांहींहि या भाषेनें वाया जाऊं दिलें नाहीं.

बीड जिल्हा हा अवर्षणाचा मुलूख. तेव्हां दुष्काळानें घडविलेली भाषा येथें पुस्तकी वाटत नाहीं. 'पांचावर धारण बसणें' म्हणजे अतिशय घाबरून जाणें, हें शाळेंतलें मूल सांगतें. परंतु धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव, हें मोठ्या माणसांसहि ठाऊक नसतें. रुपयाला मिळणारें धान्य उतरत उतरत पांच मापांवर आलें, म्हणजे घरोघर धसका बसे. त्या धसक्याचें हें नांव आहे, असें जाणते सांगतात. 'दुष्काळांत तेरावा महिना' ही म्हण त्याच घरची. अधिक मास सुमारें बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं येतो. एरवीं तो दानधर्माचा महिना, पण कणगींत दाणा नसतांना तोच आणखी तीस दिवसांची उपासमार घेऊन येतो. १८७६ ते १८७८ चा दक्षिणेंतील मोठा दुष्काळ आणि १९७२ चा महाराष्ट्रांतील दुष्काळ ज्या कुटुंबांनीं सोसला, त्यांना ही म्हण समजावून देण्यास गुरुजींची गरज पडली नाहीं.

इतिहासांतील घडामोडींनींहि वाक्प्रचार दिले; परंतु ते देतांना भाषेनें इतिहासकाराचा सल्ला घेतला नाहीं. गेवराई तालुक्यांतच गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन आहे. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं पेशव्यांच्या फौजेनें निजामाच्या सैन्याचा मोठा पराभव केला, आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईंत पडला. पानिपतानंतर अडीच वर्षांत मराठ्यांनीं मिळविलेला हा मोठा विजय. पण या विजयाचा एकहि वाक्प्रचार सर्वत्र रूढ झाला नाहीं. उलट १४ जानेवारी १७६१ चा पराभव मराठी माणूस अजून विसरत नाहीं; परीक्षेंत मुलगा नापास झाला, तरी त्याचें 'पानिपत' होतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावें' या शब्दाचें कागदावर 'मारावें' केलें गेलें, अशी कथा लोकांत पसरली, आणि मजकुरांत लबाडीनें फेरफार करणें म्हणजे 'ध चा मा करणें' हा प्रयोग कायमचा झाला. जय अनेकांचा असतो आणि लवकर वाटला जातो; घरांतला मनुष्य गमावल्याचें दुःख मात्र घराघरांत वेगळें उरतें. भाषा त्याचीच नोंद अधिक ठेवते. राक्षसभुवनाची लोकांच्या तोंडीं ओळख राहिली ती रणक्षेत्र म्हणून नव्हे, शनीचें स्थान म्हणून. शनि एका राशींत अडीच वर्षें, याप्रमाणें तीन राशींत साडेसात वर्षें राहतो. त्यावरून 'साडेसाती लागणें' हा प्रयोग ज्योतिष न मानणाराहि सर्रास करितो.

निजामाच्या राज्यांत हा मुलूख सव्वादोनशें वर्षें होता. त्याच्याहि आधीं बहामनी व निजामशाही काळापासून फारसी ही दरबारची भाषा होती. त्या सहवासाचा ठसा मराठी वाक्प्रचारांवर उमटला नसता, तरच नवल. छत्रपति शिवाजी महाराजांनीं राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' करविला आणि कारभारांतील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देवविले. पेशव्याला पंतप्रधान म्हणावें, सरनौबताला सेनापति म्हणावें, हें राजाज्ञेनें साधतें. परंतु रागावलेल्या सासूनें सुनेची 'हजेरी घेऊं' नये, किंवा वडिलांनीं मुलाला 'तंबी देऊं' नये, अशी आज्ञा कोण काढणार? पदव्या दरबारांत बदलतात. वाक्प्रचार चुलीपाशीं राहतात, आणि तेथें राजाचा शिपाई पोंचत नाहीं.

येथें एक मौजेची गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. उर्दूंत एखाद्याची 'खबर लेना' याचा अर्थ चौकशी करणें असाहि होतो आणि खरडपट्टी काढणें असाहि होतो. मराठींत 'खबर घेणें' तसेंच. आणि संस्कृत वळणाचा 'समाचार घेणें' हा प्रयोगहि त्याच दुहेरी अर्थाचा. "गुरुजींनीं आजारी मुलाचा समाचार घेतला," आणि "गुरुजींनीं खोडकर मुलाचा समाचार घेतला," या दोन वाक्यांत फरक फक्त मुलाचा. पण एका मुलाच्या डोक्यावर हात फिरला आणि दुसऱ्याच्या पाठींत बसला! आणि देवघेव एकाच बाजूनें झाली नाहीं. हैदराबादेकडील दखनी उर्दूनें मराठींतला जोर देणारा 'च' उचलला, आणि तो आजहि तेथील बोलण्यांत ऐकूं येतो. राज्यकर्ते आणि रयत यांच्यांत कितीहि दुरावा असो, बाजारांत उभीं राहिलेलीं माणसें एकमेकांचे कान उघडेच ठेवितात.

मराठी शिकूं पाहणाऱ्या परकीयांचा इतिहासहि या संबंधांत बोधप्रद आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आला. त्यानें येथील भाषा इतकी आत्मसात केली कीं, १६१६ मध्यें त्याचें 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठींत छापून निघालें. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम केरी यानें वैजनाथ पंडिताच्या साह्यानें मराठीचा अभ्यास केला. त्याचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें व कोश १८१० मध्यें प्रसिद्ध झाला. व्याकरणाला त्यानें नित्याच्या विषयांवरील संभाषणें जोडलीं, हें विशेष होय. विभक्तीचे तक्ते देऊन भाषा येत नाहीं. दोन माणसें बाजारांत, शेतांत, घरांत काय बोलतात तें दाखवावें लागतें, हें त्या परक्या विद्यार्थ्याला स्वतःच्या अडचणींतूनच उमगलें असलें पाहिजे.

पुढें मुंबईस कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यानें कँडी बंधु व अनेक शास्त्री यांच्या साह्यानें मराठी-इंग्रजी कोश तयार केला. पहिली आवृत्ति १८३१ ची. सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ ची. मोल्सवर्थच्या कोशाचें मोठेपण केवळ शब्दसंख्येंत नाहीं. शेतकरी, कुंभार, बायका, भिक्षुक यांच्या तोंडचे प्रयोग त्यांत आले. 'हात' हा शब्द काढला, तर त्याच्या मागोमाग हात घालणें, हात मारणें, हात टेंकणें, हात राखून देणें, अशी रांगच उभी राहते. १८९९ मध्यें मॅन्वेअरिंग या मिशनऱ्यानें मराठी म्हणींचा विषयवार संग्रह इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध केला. स्वभाषकांतहि हें काम झालें. विद्याधर वामन भिडे यांनीं वाक्प्रचार व म्हणी यांचा संग्रह केला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत पुरा केला, आणि त्यानंतर 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' हा स्वतंत्र ग्रंथ दोन भागांत रचला; पहिला भाग १९४२ मध्यें आणि दुसरा १९४७ मध्यें निघाला. वाक्प्रचारांना शब्दांच्या आश्रयाखालून काढून स्वतःचें घर मिळालें, तें या ग्रंथानें.

हे कोश पुण्या-मुंबईस सिद्ध होत होते, तेव्हां चकलांब्यासारख्या गांवांतील मुलाची स्थिति निराळी होती. निजामी राज्यांत सरकारी दप्तर उर्दूचें. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत अध्यापनाची भाषा उर्दू ठरली, आणि वरच्या शिक्षणाची वाट त्याच भाषेंतून जाई. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग म्हणून मोठा होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु मराठी, तेलुगु व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची ती मायबोली नव्हती. अंबाजोगाईस, त्या वेळच्या मोमिनाबादेस, योगेश्वरी शाळेसारख्या संस्थांनीं मराठीचा दिवा तेवत ठेविला. स्वामी रामानंद तीर्थ यांनीं तेथें अध्यापन केलें आणि पुढें मुक्तिलढ्याचें नेतृत्व केलें. ज्या मुलांना अशी शाळा मिळाली नाहीं, त्यांची मराठीची शाळा म्हणजे आईचें जातें आणि आजीची ओसरी. तेथें पाठ्यपुस्तक नव्हतें. पण सकाळपासून रात्रीपर्यंत एकहि वाक्य वाक्प्रचारावांचून जात नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. मराठी शाळेची भाषा झाली. जी भाषा पाठ्यपुस्तकावांचून टिकली होती, ती आतां पाठ्यपुस्तकांत आली. आणि येथूनच दुसरी अडचण सुरू झाली.

पाठ्यपुस्तकांत वाक्प्रचार येतात ते यादी होऊन. 'नाक मुरडणें: नापसंती दाखविणें. नाक खुपसणें: नको तेथें लक्ष घालणें. नाक घासणें: लाचारीनें विनवणें. नाकीं नऊ येणें: फार दमणें.' मुलें यादी पाठ करितात, परीक्षेंत 'वाक्यांत उपयोग करा' या प्रश्नाला तयार वाक्य लिहितात, आणि शाळेबाहेर पडतांच तीं नाकें तेथेंच टाकून येतात. यांत दोष मुलांचा नाहीं. ज्यानें कधीं मोठ्या बाईला भाजीच्या टोपलींत हात घालून, एक वांगें उचलून, तें परत टाकून नाक मुरडतांना पाहिलें आहे, त्याला अर्थ सांगावा लागत नाहीं. ज्यानें पाहिलें नाहीं, त्याला अर्थ सांगून उपयोग होत नाहीं.

शिवाय ओसरीच रिकामी होऊं लागली आहे. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मुलें बरोबर जातात किंवा आजी-आजोबांपाशीं मागें राहतात. जीं बरोबर जातात, त्यांची शाळा अर्ध्या वर्षांत तुटते. त्यांच्यासाठीं साखरशाळा निघाल्या, मागें राहणाऱ्यांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं. हे उपाय स्तुत्य, पण प्रश्न त्यांहून मोठा आहे. मात्र या हालअपेष्टांतहि भाषा थांबलेली नाहीं. नवरा-बायकोच्या जोडीला फडांत 'एक कोयता' म्हणतात. हंगामापूर्वीं मुकादमाकडून आगाऊ पैसे घेणें ती 'उचल'. कारखान्याचा हंगाम संपला कीं 'पट्टा पडला'. हे शब्द साधे नाहींत. दोन जिवंत माणसांना मिळून एका हत्याराचें नांव मिळावें, आणि त्यांतील एकानें अंथरूण धरलें तर कोयताच मोडावा, एवढा अर्थ त्या दोन शब्दांच्या मोजणींत सांठविलेला आहे. शहरांतील सुखवस्तु घरांत चहांत साखर पडते, तेव्हां या कोयत्याची आठवण कोणास होत नाहीं. परंतु जो मराठीचा खरा विद्यार्थी आहे, त्यानें हा प्रयोगहि 'पानिपत' आणि 'विडा' यांच्या शेजारीं आदरानें लिहून ठेविला पाहिजे. उद्यांच्या इतिहासकाराला आजचा समाज यांतूनच कळावयाचा आहे.

मग शिकणारानें करावें तरी काय? परप्रांतांतून आलेला प्रौढ असो, परदेशांत वाढलेलें मराठी कुटुंबांतलें मूल असो, किंवा पुण्या-मुंबईचा मराठी विद्यार्थीच असो, चार नियम सर्वांनाच उपयोगी पडतील.

पहिला नियम असा कीं, वाक्प्रचार प्रसंगासह टिपावा. 'तोंडाला पानें पुसणें' म्हणजे फसविणें, एवढें लिहून भागत नाहीं. कोणीं कोणाला, काय देऊं करून, ऐन वेळीं काय दिलें नाहीं, हें दोन ओळींत लिहावें. प्रसंग लक्षांत राहिला कीं शब्द आपोआप लक्षांत राहतात.

दुसरा नियम रूपाविषयीं. वाक्प्रचाराचे शब्द बदलत नाहींत. त्यांची संख्या, क्रम व जागा ठरलेली असते. कान टोंचावे ते सोनारानेंच. 'सराफानें कान टोंचणें' असें म्हणून चालत नाहीं, जरी धंदा जवळचाच असला. 'हात धुणें' हें जेवणाआधींचें कृत्य, पण 'हात धुऊन मागें लागणें' हा पिच्छा पुरविण्याचा प्रकार. मध्येंच एक शब्द गाळला, तर संकटाचें ताट होतें!

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि तो मर्यादेचा. कोणता प्रयोग कोणापुढें करावा, याचें भान हवें. धाकट्या भावाला "अक्कल गहाण ठेवलीस काय?" असें विचारतां येतें, सासऱ्यांना विचारतां येत नाहीं, मग त्यांनीं ती खरोखरीच ठेविली असली तरी. मोठ्यांच्या चुकीविषयीं बोलतांना मराठी मनुष्य वाक्प्रचार बदलतो, किंवा दोष दैवावर टाकतो, किंवा 'मूग गिळून' बसतो. दुःखाच्या घरीं थट्टेचा प्रयोग चालत नाहीं, आणि शुभकार्यांत फुटण्या-तुटण्याचा चालत नाहीं. नवशिक्यानें आधीं ऐकावें पुष्कळ, समजून घ्यावे सर्व, आणि बोलावे थोडे. शिव्यांच्या शेजारचे प्रयोग ओळखीपुरते ठेवावे.

चौथा नियम असा कीं, मूळ कथा आवडीनें जाणून घ्यावी, पण तिच्यावर अवलंबून राहूं नये. धारण म्हणजे बाजारभाव हें न जाणणारी आजी तो प्रयोग अचूक करिते. आणि त्याची व्युत्पत्ति पाठ असलेला विद्वान कधीं कधीं चुकतो. व्युत्पत्ति ही वाक्प्रचाराची जन्मपत्रिका आहे. त्याचा स्वभाव मात्र चारचौघांत वावरतांनाच कळतो.

यांत घरांतील वडीलधाऱ्यांचेंहि एक कर्तव्य आहे. मुलाला भाषा शिकविण्यासाठीं पुस्तक विकत आणणें सोपें, शिकवणी लावणें त्याहून सोपें. परंतु आजीजवळ रोज घटकाभर बसूं देणें, तिच्या बोलण्याला गांवढळ म्हणून न हंसणें, आणि तिनें वापरलेल्या प्रयोगाचा अर्थ मुलानें विचारला असतां तिलाच सांगूं देणें, हें पुष्कळ घरांना जमत नाहीं. नागदेवाचार्यांना म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील अशी काळजी होती. आज नातवंडें म्हाताऱ्यांच्या ज्ञानाला मुकत आहेत. काळजीचें पारडें उलटलें आहे एवढेंच.

चकलांब्याच्या त्या काल्पनिक ओसरीवरचा पाहुणा वर्षभर तेथें राहिला, असें समजावें. तो आतां नारळ वाढवितो, दिवा मालवितो, आणि नारळ मिळालेल्या गड्याची हकीकत ऐकून हळहळतो. निघण्याचा दिवस येतो. घरची बाई त्याच्या हातावर दही देते. पाहुणा उंबरठा ओलांडतो, मागें वळतो आणि म्हणतो, "येतों." त्या एका शब्दानें त्याची परीक्षा झाली, आणि तो उत्तीर्ण झाला, हें ओसरीवरच्या सर्वांना कळतें.